फोल्डरला नाव देणारा माणूस

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं हे नाव तिचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने ठेवलेलं नाही. त्याच्या मनात ‘फ्रीॲक्स’ होतं. सप्टेंबर १९९१ मध्ये त्याने आपल्या कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, पहिली आवृत्ती, ०.०१, फिनलंडच्या विद्यापीठांच्या नेटवर्कवर, म्हणजे फ्युनेटच्या एफटीपी (फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत) सर्व्हरवर ठेवायला दिली. तो सर्व्हर सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक होता आरी लेम्के. त्याला ‘फ्रीॲक्स’ काही रुचलं नाही. कुणाला न विचारता त्याने फोल्डरचं नाव ‘लिनक्स’ ठेवलं आणि तेच कायमचं चिकटलं.

आमच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळण्याच्या, कामातली माणसं ही गोष्ट चवीने सांगतात. साहजिक आहे. कोड लिहिणाऱ्याचं नाव जगाला ठाऊक असतं, त्या कोडला जागा देणाऱ्याचं नसतं. पुण्यात पेठांमधून पहाटे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवत जाणारा चावीवाला असतो, तसंच हे. पाणी आलं तर त्याची आठवण कुणाला नाही, नाही आलं तर सगळी गल्ली त्याला शोधत फिरते.

मी गेली काही वर्षं एका मिररच्या (सॉफ्टवेअरच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या) आणि एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सर्व्हरच्या देखभालीत हातभार लावतो. पगाराची नोकरी वेगळी, हे काम वेगळं. रोजचा क्रम अगदी साधा आहे: रात्रीचा लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, पाहायचा, भरत आलेली डिस्क मोकळी करायची, कुणाची की (लॉगिनची डिजिटल किल्ली) बदलायची असेल तर ती बदलून द्यायची, अपडेट लावून मशीन रीबूट करायचं आणि ते परत उठेपर्यंत श्वास रोखून बसायचं. नवीन येणारी मुलं विचारतात, ‘हे असंच का करायचं?’ बहुतेक वेळा उत्तर एखाद्या तारखेत सापडतं. त्यातल्या काही तारखा इथे लिहून ठेवतो.

आधी मिररबद्दल. नव्वदच्या दशकात एका देशातल्या सर्व्हरवरून दुसऱ्या खंडात फाइल ओढणं महाग आणि कंटाळवाणं होतं, म्हणून विद्यापीठांनी लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या प्रती आपापल्याकडे ठेवायला सुरुवात केली. रोज सगळं नव्याने ओढायचं तर ते जमणारं नव्हतं. या अडचणीवरचा उपाय जून १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ लिहिलं. फाइलचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची एक छोटी खूण काढायची, समोरच्याकडे त्या खुणेचा तुकडा आधीच असेल तर तो पाठवायचाच नाही, ही त्यामागची कल्पना. फरक तेवढाच तारेवरून जातो. ट्रिजेल यांच्या १९९९ च्या पीएचडी प्रबंधाचा मोठा भाग याच विषयावर आहे. आज माझ्या मशीनवर रात्री धावतं ते हेच आरसिंक.

त्यातही एक पथ्य आहे. डेबियनसारख्या वितरणाचा (लिनक्स आणि त्यावरचं सॉफ्टवेअर एकत्र देणाऱ्या प्रकल्पाचा) मिरर दोन फेऱ्यांत भरतात. पहिल्या फेरीत नवी पॅकेजं (बांधून दिलेलं सॉफ्टवेअर) येतात, दुसऱ्या फेरीत त्यांच्या याद्या येतात आणि जुनी पॅकेजं सगळ्यात शेवटी काढली जातात. क्रम उलटा झाला तर यादीत नाव आहे आणि फाइल मात्र जागेवर नाही, असं होतं. पंगत बसवून मग कुणी भात चढवत नाही, तेवढं साधं तत्त्व. नवशिक्याने स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट हमखास इथे मार खाते. मीही खाल्लाय, आणि त्या दिवशी आलेल्या तक्रारींची भाषा अजून लक्षात आहे.

भारतात या सगळ्याची गरज थोडी वेगळ्या वाटेने कळली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण टेलिफोनच्या तारेवरून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवण्याचा विचारही कुणी करत नसे. मार्च १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी आली. तिच्यामागे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. अनेक गावांत पहिलं लिनक्स पोहोचलं ते असं, अंकाला चिकटवलेल्या पाकिटातून. पुढे उबुंटू या दुसऱ्या वितरणवाल्यांनी ‘शिपइट’ योजनेतून जगभर फुकट सीड्या पोस्टाने पाठवल्या. ती योजना २०११ मध्ये बंद झाली, तोवर ब्रॉडबँड बऱ्यापैकी पसरलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजात फेडोरा या आणखी एका वितरणाची फुडकॉन परिषद भरली. पोस्टाने आलेल्या सीडीवर शिकलेली पिढी आता अशा प्रकल्पांच्या कामात हात घालू लागली होती.

आता ज्यांनी आमची झोप उडवली त्या तारखा.

२० नोव्हेंबर २००३. डेबियनच्या सर्व्हरांवर नजर ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं की ‘मास्टर’ नावाच्या मशीनचं कर्नल वारंवार अडखळतंय. हार्डवेअर बिघडलं असेल, असं वाटणं साहजिक होतं. पण ‘मर्फी’ नावाचं दुसरं मशीनही अगदी तशाच तऱ्हेने अडखळत होतं. दोन वेगळ्या यंत्रांचा बिघाड हुबेहूब सारखा कसा? त्याच वेळी फाइलींमधले बदल टिपणारा ‘एड’ हा कार्यक्रम सांगू लागला होता की काही मशीनवर सर्वात आधी सुरू होणारी ‘इनिट’ ही फाइलच बदललेली आहे. तपासात चित्र उलगडलं. एका डेव्हलपरचा पासवर्ड चोरला गेला होता. त्यावर साध्या खात्यातून आत शिरलेल्या माणसाने कर्नलमधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन रूट (मशीनवरचे सर्वाधिकार) मिळवलं आणि रूटकिट (घुसखोरी लपवणारं साधन) बसवलं. गंमत म्हणजे ती त्रुटी कर्नलच्या विकासशाखेत आधीच दुरुस्त झालेली होती, पण तिच्यातून सुरक्षेला भगदाड पडू शकतं हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एकूण चार मशीन त्याच्या हाती लागली होती. पॅकेजांच्या मूळ साठ्याला धक्का लागलेला नव्हता, हे नशीब.

त्या चारांपैकी एकाचं नाव होतं ‘क्लेकर’. जोएल क्लेकर हा डेबियनचा डेव्हलपर २००० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्नायूंच्या आजाराने गेला. तो इतका आजारी आहे हे त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांतल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. त्यांच्यासाठी तो पडद्यामागचा एक मेहनती सहकारी होता. डेबियन २.२ ही आवृत्ती त्याला अर्पण केली होती. या क्षेत्रात माणसं एकमेकांना अशीच ओळखतात, कामातून. चेहरा बऱ्याचदा शेवटपर्यंत दिसत नाही.

या घटनेनंतर पासवर्डने लॉगिन करणं बंद करून फक्त कीवर भर द्यायचा, ही शिस्त आमच्याकडे रुजत गेली. पण कीवर तरी किती विसंबायचं? १३ मे २००८ ला कळलं की डेबियनच्या ओपनएसएसएल (संवाद गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर) पॅकेजमध्ये २००६ पासून, की ज्यांवरून बनतात ते यादृच्छिक आकडे बनवणारा भागच लंगडा झालेला होता. एका प्रकारच्या आणि मापाच्या फक्त ३२,७६७ वेगवेगळ्या किल्ल्या बनू शकत होत्या, म्हणजे एखाद्या फुरसतीच्या दुपारी सगळ्या लावून बघता येतील एवढ्याच. जगभरच्या ॲडमिननी आपापल्या मशीनवरच्या जुन्या की उपटून काढल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेडोराच्या सर्व्हरांवर घुसखोरी झाली. पॅकेजांवर डिजिटल सही करणाऱ्या कीचा सांकेतिक शब्द चोरांच्या हाती लागल्याचा पुरावा नव्हता, तरीही प्रकल्पाने सह्यांच्या की बदलल्या. शंका आहे तर बदला. त्यासाठी लागणारे कष्ट सगळे स्वयंसेवकांच्या अंगावर पडतात, हे वेगळं सांगायला नको.

आणि २८ ऑगस्ट २०११. लिनक्स कर्नलचं घरच असलेल्या कर्नल डॉट ऑर्गवर कुणीतरी रूटपर्यंत पोहोचल्याचं उघड झालं. साइट कित्येक आठवडे बंद राहिली आणि टोरवाल्ड्सने तोवर कोड गिटहब या दुसऱ्या साइटवर ठेवला. ४४८ जणांची त्या यंत्रणेवर खाती होती, त्या सगळ्यांच्या की नव्याने बनवाव्या लागल्या. कोड मात्र शाबूत राहिला. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनात प्रत्येक बदलाच्या खुणेत त्याच्या आधीचा सगळा इतिहास गुंफलेला असतो. मधली एक ओळ कुणी गुपचूप बदलली, तर हजारो लोकांकडच्या प्रतींशी तिचा मेळ बसत नाही. नंतर सेवा सुरू झाली तेव्हा डेव्हलपरना पूर्वीसारखं शेल (सर्व्हरवर थेट आज्ञा चालवण्याची सोय) मिळालं नाही, आणि प्रत्येकाला आपली ओळख दुसऱ्या ओळखीच्या माणसाच्या सहीने पटवून द्यावी लागली. आज कुणी नवा स्वयंसेवक थेट लॉगिन मागतो आणि आम्ही नाही म्हणतो, तेव्हा तो नाराज होतो. त्याला मी २०११ ची ही हकीकत सांगतो. पटतेच असं नाही.

मिरर चालवणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल मात्र कुठल्या चोरीनंतर गाजावाजा होऊन आलेला नाही. २००७ च्या ‘एच’ (Etch) या आवृत्तीपासून डेबियनचं ‘ॲप्ट’ हे पॅकेजं बसवणारं साधन पॅकेजांच्या यादीवरची सही आपणहून तपासू लागलं. याद्यांवर मूळ प्रकल्पाची सही, याद्यांमध्ये प्रत्येक फाइलची खूण. मी माझ्या मिररवर एखादी फाइल बदलली, तर वापरणाऱ्याचं मशीन ती नाकारतं. मला ही रचना फार आवडते. आपण भले असू, पण आपल्यावर विश्वास ठेवण्याची गरजच कुणाला उरू नये, यात एक सुटकाही आहे.

पैशाचा विषय काढला की आमच्यातले लोक जरा गप्प होतात. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची त्रुटी सापडली, तेव्हा निम्म्या जगाची कुलपं ज्यावर चालतात त्या ओपनएसएसएल प्रकल्पाला वर्षाकाठी साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती, हे बाहेर आलं. नंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला, पण सवय तीच राहिली. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीची ‘ओपन सोर्स लॅब’ २००३ पासून अनेक प्रकल्पांना सर्व्हर आणि बँडविड्थ देते, आणि तिथलं बरंचसं काम विद्यार्थी करतात. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या संचालकांना जाहीर करावं लागलं की अडीच लाख डॉलर मिळाले नाहीत तर दार बंद करावं लागेल. महिन्याभरात सोय झाली. बातमी आली तेव्हा तिथे काय काय ठेवलेलं आहे याची यादी करताना कित्येकांना घाम फुटला असणार. मला फुटला.

मालकी कागदावर कुणाची, हाही प्रश्न तसाच अवघड. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या गप्पांच्या जाळ्यावरच्या ताब्याचा वाद टोकाला गेला आणि ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे देऊन लिबेरा चॅट उभं केलं. वीसेक वर्षांचे अड्डे काही दिवसांत हलले. डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे मी तेव्हापासून दर वर्षी तपासतो.

मग आला २९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर आपल्या डेबियन मशीनवर वेगळीच मोजमापं करत होता. एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं. तो त्या अर्ध्या सेकंदामागे लागला आणि ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो पेरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, उपयोगी काम करून प्रकल्पात जागा मिळवली होती. मूळ सांभाळणारा एकटाच होता, फावल्या वेळात, बिनपगारी. लवकर हात चालव म्हणून त्याच्यामागे तगादा लावणारी नावंही बहुधा त्याच डावातली होती. डेबियनने १२.६ ही ठरलेली आवृत्ती पुढे ढकलली. २००३ मध्ये दोन मशीनचं सारखं अडखळणं, २०२४ मध्ये अर्धा सेकंद. दोन्ही वेळा एखाद्या साधनाइतकंच कामाला आलं ते ‘हे नेहमीसारखं नाही’ असं वाटणं, आणि ते वाटण्यासाठी नेहमीचं काय ते रोज पाहिलेलं असावं लागतं. कंटाळवाणा लॉग मी त्यासाठी वाचतो.

सध्याचा त्रास वेगळाच आहे. एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट. गिटच्या वेब पानांवर प्रत्येक बदलाचं, प्रत्येक फरकाचं, प्रत्येक जुन्या आवृत्तीचं वेगळं पान असतं, आणि हे बॉट त्यातलं एकेक पान हजारो पत्त्यांवरून मागत सुटतात. सॉफ्टवेअरची माहितीपानं ठेवणाऱ्या ‘रीड द डॉक्स’ने असे बॉट अडवले तेव्हा त्यांची दिवसाची वाहतूक ८०० गिगाबाइटवरून २०० वर आली. जानेवारी २०२५ मध्ये झी आयासो या प्रोग्रॅमरने ‘अनुबिस’ लिहिलं. पान उघडण्याआधी ब्राउझरला एक छोटं गणित सोडवायला लावायचं, अशी ही राखण. माणसाला क्षणभर थांबावं लागतं, लाखो पानं मागणाऱ्याला ते महागात पडतं. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पाने ते बसवल्यावर अडीच तासांत ८१ हजार विनंत्या आल्या, त्यातल्या जेमतेम ३ टक्के गणित सोडवून पुढे गेल्या.

आम्हीही तशीच राखण बसवली. दुसऱ्याच आठवड्यात मराठवाड्यातल्या एका कॉलेजच्या मुलाचा मेल आला: ‘सर, माझ्या जुन्या फोनवर पान फिरतच राहतं, उघडत नाही. पॅकेज पाहिजे होतं.’ फोन खरंच जुना होता, गणित त्याच्या आवाक्याबाहेरचं. मी त्याला मिररचा थेट पत्ता पाठवला, तिथे राखण नाही. पत्त्याची सुरुवात ‘एफटीपी’ने होते. डेबियन आणि कर्नल डॉट ऑर्गने एफटीपी सेवा २०१७ मध्येच बंद केली, आमच्याकडेही ती कधीच गेली. पण लकडी पुलाला कुठे लाकूड उरलंय? नाव बदलायचं ठरवलं होतं आम्ही. मग कुणीतरी विचारलं की किती स्क्रिप्ट तुटतील, आणि विषय तिथेच राहिला.

रात्री पावणेबाराला त्याचं उत्तर आलं, ‘झालं सर’. लॉगमध्ये ती एक ओळ दिसतेय.