मटण बोकडाचं की मेंढीचं? बोर्ड एकच, चरबी वेगळी

आपल्या गोव्यात कोणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की डॉक्टर काही बोलायच्या आधी घरचेच मटण बंद करून टाकतात, आणि मग तो बिचारा रविवारी कातडीसकट ब्रॉयलर खात बसतो. गडबड अशी की नेटवर फिरणाऱ्या फॅट-कॅलरीच्या चार्टमधलं मटण बऱ्याचदा लँब असतं, म्हणजे परदेशातली कोवळी मेंढी, आणि आपल्या शागोतीत, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्शात, पडतं ते बोकडाचं.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे बघा. बोकडाच्या भाजलेल्या 100 ग्रॅम मांसात फॅट 3 ग्रॅमच्या आसपास, कॅलरी 143, प्रोटीन 27 ग्रॅम. शिजवलेलं लँब चरबीसकट घेतलं तर फॅट 21 ग्रॅम नि कॅलरी 294, आणि दिसणारी सगळी चरबी कापून टाकली तरी साडेनऊ ग्रॅम उरतेच. कातडी काढलेलं चिकन ब्रेस्ट साडेतीनच्या वर. म्हणजे बोकड ब्रेस्टच्याच पंगतीत बसतो, आणि खरं सांगायचं तर चवीत ब्रेस्टची काय बिशाद!

फरक पडतो तो चरबी साठते कुठे यावर. बोकडाची बरीचशी पोटात, गुर्द्याभोवती जमते, कातडीखाली पातळच थर असतो. मेंढीचा कातडीखालचा थर जाड, पांढराशुभ्र, आणि मांसाच्या धाग्यांतही चरबी जास्त. त्यामुळे टांगलेलं धड पाठीकडून बघायचं. गोव्यात मटणाचा बराच माल घाटावरून, बेळगावच्या बाजूने येतो आणि तिकडे मेंढ्याही भरपूर, त्यामुळे बोर्डावर नुसतं मटण लिहिलंय म्हणून गप्प न बसता सरळ विचारा. खिमा हवा असेल तर आधी मांडीचा पीस निवडून समोरच करून घ्या, तयार खिम्यात काय नि किती चरबी गेलीय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. चाप खायला मस्त, पण चरबीही तिथेच.

बोकडच मिळाला म्हणून लगेच खूश होऊ नका हां, कारण ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅममागे 33 ग्रॅम फॅट असतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं सॅच्युरेटेड (कोलेस्टेरॉल वाढवणारं), म्हणजे अर्धा किलो मटणाला अख्खा नारळ भाजून वाटला तर रश्शातलं फॅट मटणाच्या कितीतरी पुढे जातं. खोबरं अर्ध्यावर आणा, कांदा जास्त भाजा, शागोतीचा मसाला तोच ठेवा. आणि मेंढीच मिळाली तर मांडीचं घ्या, वरची चरबी दुकानातच काढायला सांगा, मटण आदल्या रात्री नुसतं उकडून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर गोठलेला थर चमच्याने काढा आणि मग फोडणीला टाका.