नामसंघर्ष : वेब स्क्रिप्टिंग भाषांतील

एकाच व्याप्तीत (कोडच्या ज्या भागात एखादे नाव ओळखले जाते त्यात) दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडणे, किंवा डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे यंत्राच्या लेखी वेगळी असणे, या दोन्ही स्थितींना येथे नामसंघर्ष म्हटले आहे. पहिला प्रकार सर्वत्र आढळतो. दुसरा मुख्यतः देवनागरीसारख्या लिप्यांत व्हेरिएबलची (किंमत साठवणाऱ्या नामांकित जागांची) नावे लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येतो. मराठी संदर्भसाहित्यात त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही, म्हणून तो पुढे विस्ताराने घेतला आहे.

पुण्याच्या जुन्या शहरात सोमवार ते रविवार अशा सातही वारांच्या नावांच्या पेठा आहेत. पेठांचे पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक वेबपानावर मांडताना एकाच ऑब्जेक्टमध्ये (किल्ली व किंमत अशा जोड्यांच्या संचात) ‘बुधवार’ ही किल्ली वारासाठी आणि पेठेसाठीही वापरली, तर नंतर भरलेली किंमत आधीची पुसून टाकते आणि भाषा तक्रार करत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या २००९ च्या प्रमाणकात (अधिकृत नियमावलीत) काटेकोर मोडमध्ये (नियम कडक करणाऱ्या ऐच्छिक पद्धतीत) अशी दुबार किल्ली चूक ठरत असे. २०१५ च्या आवृत्तीत कोड चालू असताना किल्ल्यांची नावे ठरवण्याची सोय आली आणि ही बंदी उठली. ‘पेठ_बुधवार’ असा उपसर्ग लावून काम भागते, पण वार आणि पेठा यांचे दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट ठेवणे अधिक टिकाऊ.

जागतिक व्याप्ती. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये तयार केली. पानावर जोडलेल्या साध्या स्क्रिप्ट फाइली एकच जागतिक व्याप्ती वाटून घेतात आणि ब्राउझरमध्ये त्या व्याप्तीचा मालक विंडो हा ऑब्जेक्ट असतो. त्यामुळे फंक्शनबाहेर ‘व्हार’ या शब्दाने जाहीर केलेले नाव विंडोच्या आधीच्या गुणधर्मांवर आदळते, आणि परिणाम नावागणिक बदलतो. ‘नेम’ला संख्या दिली तर ती मुकाट्याने मजकूर होते. ‘स्टेटस’ला असत्य ही किंमत दिली तर ‘फॉल्स’ हा शब्द साठतो आणि तपासणीत तो सत्य ठरतो. ‘टॉप’ला दिलेली किंमत काटेकोर मोड नसेल तर सरळ दुर्लक्षिली जाते. ‘लोकेशन’ला ‘पुणे’ हा मजकूर दिला तर ब्राउझर त्या नावाचे पान शोधायला निघतो आणि चालू पान हातचे जाते. गावाचे नाव साठवणाऱ्या फॉर्मच्या स्क्रिप्टमध्ये ही चूक सहज होते. २०१५ पासून उपलब्ध असलेले ‘लेट’ व ‘कॉन्स्ट’ हे शब्द ‘व्हार’ऐवजी वापरले तर ‘टॉप’ किंवा ‘लोकेशन’ ही नावे जागतिक पातळीवर जाहीरच करता येत नाहीत. चूक लगेच दिसते. फाइल मॉड्यूल (स्वतंत्र कोडघटक) म्हणून जोडली तर तिची व्याप्ती वेगळी होते आणि हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

पानातील टॅगला दिलेला आयडी (ओळखनाव) हाही विंडोवर नाव म्हणून उमटतो. ही प्रथा इंटरनेट एक्सप्लोररपासून आली असे सामान्यतः मानले जाते. आता ती एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या प्रमाणकात आहे. परिणाम असा की न जाहीर केलेले व्हेरिएबल वाचले तरी ‘असे नाव नाही’ ही चूक न येता त्या आयडीचा टॅग हाती येतो. फॉर्ममधील बटणाला ‘सबमिट’ असे नाव देणे त्याहून घातक. फॉर्मची त्याच नावाची क्रिया बटणाआड झाकली जाते आणि ती हाकारली की ‘हे फंक्शन नाही’ असा संदेश येतो. बटणाचे नाव बदलणे हाच सरळ उपाय.

$ या चिन्हाचा वाद. जावास्क्रिप्टच्या नावात हे चिन्ह कोठून आले याबद्दल एकमत नाही. पर्ल ही भाषा व युनिक्स शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) यांच्या सवयीकडे काही जण बोट दाखवतात, पण तेथे $ ही व्हेरिएबलची खूण आहे, तर जावास्क्रिप्टमध्ये ते केवळ एक अक्षर आहे. आरंभीच्या प्रमाणकात हे चिन्ह यंत्राने निर्माण केलेल्या कोडपुरते राखावे अशी सूचना होती. जावा या वेगळ्या भाषेच्या परंपरेतही तशीच सूचना असल्याने ती वाट अधिक संभवनीय दिसते. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेचे $ मात्र पर्लकडून आले हे बहुतेकांना मान्य आहे. जावास्क्रिप्टमधील सूचना पाळली गेली नाही. प्रोटोटाइप आणि २००६ मध्ये आलेली जेक्वेरी या दोन्ही लायब्रऱ्यांनी (तयार कोडसंचांनी) $ हेच नाव घेतले आणि दोन्ही जोडलेल्या पानावर नंतरची आधीचीला झाकू लागली. जेक्वेरीतील ‘नो-कॉन्फ्लिक्ट’ ही क्रिया $ मूळ मालकाला परत देते. ती जेक्वेरी जोडल्यानंतर लगेच हाकारावी लागते.

लायब्ररीतील नावे खुद्द प्रमाणकालाही अडवतात. मूटूल्स या लायब्ररीने ॲरेवर (क्रमवार यादीवर) आधीच ‘फ्लॅटन’ हे नाव बसवले होते. ते नाव प्रमाणकात घेतल्यास जुनी पाने मोडत असल्याचे दिसले, म्हणून २०१९ च्या आवृत्तीत ‘फ्लॅट’ हे नाव आले.

पीएचपी. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ ही सेटिंग चालू असताना पत्त्याच्या ओळीतून आलेले कोणतेही नाव थेट व्हेरिएबल होत असे, त्यामुळे कोडमध्ये आरंभी किंमत न दिलेले व्हेरिएबल बाहेरच्या माणसाला भरता येई. २००२ मधील ४.२.० आवृत्तीत ती मुळात बंद ठेवली गेली आणि २०१२ च्या ५.४ मध्ये काढून टाकली. किल्ल्यांची व्हेरिएबले करणारे ‘एक्स्ट्रॅक्ट’ हे फंक्शन फॉर्मच्या माहितीवर चालवले तर तोच धोका परत येतो. फॉर्ममधील नावातील टिंब व मोकळी जागा पीएचपी अधोरेषेत बदलते, म्हणून ‘पिन.कोड’ आणि ‘पिन_कोड’ हे दोन रकाने एकच होतात. व्हेरिएबलच्या नावात लहान-मोठे रोमन अक्षर वेगळे धरले जाते, फंक्शन व क्लासच्या नावात नाही.

देवनागरी नावे. जावास्क्रिप्टच्या प्रमाणकाने १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडमधील (जगातील लिप्यांच्या समान संकेतातील) अक्षरे व मात्रा नावांत चालवल्या. नावाआरंभी अंक चालत नाही, पुढे देवनागरी अंक चालतो. ‘गुण१’ हे नाव आणि इंग्रजी एक लावलेले ‘गुण’ ही दोन वेगळी व्हेरिएबले होत. संख्या म्हणून मात्र देवनागरी अंक वाचले जात नाहीत.

खरी अडचण ऱ्या या जोडाक्षराची आहे. ‘पायऱ्या’ हे नाव तीन प्रकारे साठू शकते : यू+०९३१ (युनिकोड क्रमांक) हा ऱ व हलन्त (पाय मोडण्याची खूण); साधा र, नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) व हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि यू+२००डी हे न दिसणारे जोडचिन्ह. तिन्ही पडद्यावर सारखी दिसतात. जावास्क्रिप्ट नावे एकरूप करून तुलना करत नाही, म्हणून ही तीन व्हेरिएबले ठरतात. एका रूपात जाहीर केलेले नाव दुसऱ्या रूपात वाचले की वरच्याच ओळीत दिसणारे नाव ‘जाहीर नाही’ असा संदेश मिळतो. एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांना एक करते, तिसऱ्याला नाही. ते स्वतंत्र शोधून बदलावे लागते. तिसरे रूप युनिकोडने आपल्या २.० आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवले आहे. अर्ध्या ऱ च्या या अनेक रूपांचे मूळ काही जण त्याआधीच्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात शोधतात. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि भारतीय मानक म्हणून इस्की १९९१ मध्ये आली. इस्कीवर आधारित जिस्ट या भारतीय लिप्यांच्या संगणकीय तंत्राचे पुढचे काम पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत झाले. इस्कीत हलन्तापुढे नुक्ता देऊन मृदू हलन्त (अक्षराचे अर्धे रूप दाखवणारा) साधत आणि युनिकोडचे जोडचिन्ह त्याच्या जागी येते, हे पाहता वरील मत ग्राह्य वाटते.

पायथन ३ नावे एनएफकेसी या दुसऱ्या युनिकोड प्रमाणीकरणाच्या रूपात आणून तुलना करते, पण जोडचिन्ह नावात स्वीकारत नाही. तिसऱ्या रूपावर ती तेथेच थांबते. हे वर्तन मराठीसाठी अधिक सुरक्षित. पीएचपी नाव बाइटनिहाय पाहते व षोडशमानात (सोळाच्या आधारावरील संख्यालेखनात) ८० पासूनचा प्रत्येक बाइट चालवते, म्हणून दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरातील न तुटणारी मोकळी जागाही नावाचा भाग होते. संशय आल्यास नावाचा मजकूर वर्णनिहाय तोडून प्रत्येकाचा कोडपॉइंट (युनिकोड क्रमांक) षोडशमानात छापावा.

रोमन लिपीत मराठी नावे लिहिल्याने हे टळते, पण दुसरे संघर्ष येतात. ‘काल’, ‘काळ’ व ‘कळ’ यांचे स्पेलिंग एकच होते आणि ‘वार’ किंवा ‘वर’ लिहिताना व्ही-ए-आर हा राखीव शब्दच उमटतो. अनेकांनी मिळून लिहायच्या कोडमध्ये इंग्रजी नावे व देवनागरी माहिती ही विभागणी श्रेयस्कर. देवनागरी नावे वापरायचीच असतील तर ती एका मॉड्यूलपुरती ठेवावीत आणि फाइल साठवताना एनएफसी करावी.

इतर भाषा. पर्लमध्ये $, @ व % या खुणांमुळे एकाच नावाची एकेरी किंमत, ॲरे व हॅश (किल्ली-किंमत जोड्यांचा संच) शेजारी नांदतात; मात्र ॲरेचा एक घटक वाचताना $ लावावा लागतो आणि तेथे गोंधळ होतो. व्हीबीस्क्रिप्टमध्ये लहान-मोठे अक्षर एकच धरले जाते आणि नाव २५५ वर्णांपर्यंत चालते. ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ (नावे जाहीर करणे सक्तीचे करणारी ओळ) न लिहिल्यास चुकीच्या स्पेलिंगचे नाव नवे व्हेरिएबल होऊन बसते.