अतिवृष्टीची मदत: पंचनाम्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

पीक पाण्यात गेलं की पहिला प्रश्न येतो, अर्ज कुठे करायचा? महाराष्ट्रात शेतीपिकांच्या सरकारी मदतीसाठी सहसा वेगळा अर्ज भरावा लागत नाही. सगळं पंचनाम्यावर ठरतं. म्हणून तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावात येतील त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवून बांधावर हजर राहा. गट नंबर, पिकाचं नाव आणि बाधित क्षेत्र, या तीन गोष्टी कागदावर काय लिहिल्या ते स्वतः वाचा. पथक शिवारात आलंच नाही तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

मदत मिळायला नुकसान किमान 33 टक्के असावं लागतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 साठीच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. 2025 च्या पावसाळ्यातल्या नुकसानीसाठी राज्य सरकारने ही मर्यादा तीन हेक्टर केली. दर आणि मर्यादा शासन निर्णयागणिक बदलतात, त्यामुळे आपल्या हंगामाचा निर्णय पाहूनच हिशेब करा. दोन एकर सोयाबीन गेलं, म्हणजे 80 आर (0.80 हेक्टर), तर वर दिलेल्या कोरडवाहू दराने 6,800 रुपये होतात. पंचनाम्यात 80 च्या जागी 40 पडले की निम्मे गेले. खत-बियाण्याचा खर्चही न निघणाऱ्या या रकमेतून एक रुपयाही चुकीच्या आकड्यापायी सोडू नये.

जनावर दगावलं असेल तर घाईने पुरू नका. आधी तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढा आणि पंचनामा, शवविच्छेदन होऊ द्या. बिल्ला नसेल तर मदत अडते. याच निकषांत दुधाळ गाय-म्हशीला 37,500, ओढकाम करणाऱ्या बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये आहेत.

कागद थोडेच लागतात: सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल. फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, अजून काढला नसेल तर आधी तो काढा. 2025 च्या मदतीत तो असलेल्यांना ई-केवायसीतून (आधारवर अंगठा लावून ओळख पटवण्यातून) सूट मिळाली होती. ई-पीक पाहणीतही, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पीक नोंदणीतही, पंचनाम्यातलंच पीक नोंदलेलं असू द्या. जमीन सामाईक खात्यावर असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र मागतात. खातेदार वारला असेल तर वारस नोंद होईपर्यंत पैसे थांबतात, तेव्हा ती नोंद पुढच्या पावसाची वाट न पाहता करून घ्या.

तहसीलमधून याद्या पोर्टलवर चढल्या की प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो. लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. यादी तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत पाहायला मिळते. ई-केवायसी करायची असेल तर तो नंबर आणि आधार घेऊन आपले सरकार केंद्रात जा. मशीनवर अंगठा ठेवण्याआधी स्क्रीनवरचं नाव, क्षेत्र आणि रक्कम चालकाला मोठ्याने वाचायला सांगा. काही चुकलं असेल तर मान्यता देऊ नका, तिथेच तक्रार नोंदवा. ती तहसीलदारांकडे जाते.

एवढं करूनही पैसे दिसत नाहीत, याचं कारण बरेचदा बँकेत सापडतं. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते. मुलाच्या सांगण्यावरून दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं, तर जुनं पासबुक कितीही वेळा भरून घेतलं तरी नोंद सापडणार नाही. आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेलं आहे, हे बँकेत विचारून घ्या.

पीक विमा पूर्णपणे वेगळा आहे. त्याचे निकष, त्याची भरपाई स्वतंत्र. एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही.

आणि ही मदत थकीत कर्जात वळती करू नये, असं शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं. बँकेने तरीही कापून घेतली, तर पासबुकातल्या नोंदीची आणि शासन निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, त्याची एक प्रत तहसीलदारांना द्या.