स्पायनल भुलीतील पूरक औषधे

पायाच्या शस्त्रक्रियेसाठी कमरेच्या मणक्यांमधून मेरुद्रवात (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) भूल देताना मुख्य औषधात अल्प मात्रेने मिसळलेले दुसरे औषध म्हणजे पूरक औषध. मुख्य औषध बहुधा ०.५ टक्के हेवी (मेरुद्रवापेक्षा जड केलेले) बुपिव्हॅकेन असते. ऑगस्ट बियर यांनी १८९८ मध्ये घोट्याच्या क्षयावरील शस्त्रक्रियेसाठी पहिली स्पायनल भूल दिली, ती कोकेनची. बुपिव्हॅकेन त्याहून कितीतरी सुरक्षित आहे, पण त्याचा असर काही तासांत ओसरतो आणि नेमक्या त्याच वेळी मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाची वेदना उसळते. नुसता डोस वाढवला तर रक्तदाब अधिक घसरतो. म्हणून पूरक औषधाची जोड दिली जाते.

सर्वाधिक तुलना फेंटानिल आणि डेक्समेडिटोमिडिन यांची होते. फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक मेदात चटकन विरघळते, त्यामुळे काही मिनिटांत काम सुरू करते. भूल गडद होते, पण पायांची हालचाल परतायला फारसा उशीर होत नाही. अंगाला खाज सुटणे हा त्याचा नेहमीचा त्रास. डेक्समेडिटोमिडिन मज्जारज्जूतील अल्फा-२ ग्राहींवर (औषध जिथे जोडले जाते त्या पेशींवरील जागांवर) काम करते. बधिरता आणि वेदनाशमन दोन्ही ते फेंटानिलपेक्षा जास्त लांबवते. खाज येत नाही, मात्र पायही उशिरापर्यंत जड राहतात आणि नाडी मंदावू शकते. क्लोनिडिन त्याच गटातले, पण त्याची मात्रा मोठी लागते आणि रक्तदाब उतरण्याकडे अधिक लक्ष ठेवावे लागते.

मॉर्फिन हेही अफूवर्गीय; त्याचे वेदनाशमन १८ ते २४ तास टिकते. ते पाण्यात विरघळणारे असल्याने मेरुद्रवातून हळूहळू वर मेंदूकडे सरकते. श्वास मंदावण्याचा धोका त्यामुळे कित्येक तासांनी उद्भवू शकतो. रात्रभर श्वासावर नजर ठेवण्याची सोय नसेल तिथे ते टाळलेलेच बरे. मॅग्नेशियम आणि मिडाझोलॅमही वापरले गेले आहेत. निओस्टिग्मिन मळमळ-उलट्यांमुळे मागे पडले.

जास्त वेळ टिकते ते औषध चांगले, असा निष्कर्ष अनेक तुलनांमधून घाईने काढला जातो. मांडीचे हाड प्लेट लावून जोडलेल्या रुग्णाला लांबलेली बधिरता हवीच असते. गुडघ्याची दुर्बीण करून त्याच संध्याकाळी घरी जाणाऱ्याला मात्र लवकर उभे राहता आणि लघवी करता आली पाहिजे. त्याच्यासाठी फेंटानिलच सोयीचे.

मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असल्याने मोजमापातली चूक महागात पडते. डेक्समेडिटोमिडिनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात. नेहमीचे ५ मायक्रोग्रॅम म्हणजे जेमतेम ०.०५ मिलिलिटर, ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवरच्या २ खुणा. मेरुद्रवात जाणारे प्रत्येक औषध परिरक्षकविरहितच (टिकवण्यासाठी घातलेली रसायने नसलेले) असावे लागते.