धावतोयस की चालतोयस?

सकाळी सहाच्या सुमारास गुहागरच्या पुळणीवर उतरलो की सुरूच्या बनाजवळ बसलेले एक आबा हमखास हटकतात. “काय रे, धावतोयस की चालतोयस? एक काय ते ठरव ना!”

एक मिनिट धावायचं, एक मिनिट चालायचं, पुन्हा धावायचं. लांबून बघणाऱ्याला हा माणूस सारखा दमतोय असंच वाटणार. ही पद्धत लोकप्रिय करणारा जेफ गॅलोवे मात्र दमणाऱ्यांपैकी नव्हता. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो 10,000 मीटर धावला होता. त्यानंतर नवख्यांना शिकवताना त्याने धावण्याच्या मध्ये चालणं घातलं, आणि तेही दम लागण्याच्या आधी. पण या दोन्हींचा वेग किती ठेवायचा? बहुतेकांचं गणित फसतं ते इथेच.

चालताना आपला पाय उलट्या लंबकासारखा वागतो. टाच टेकते, शरीर पायावरून कमानीत वर चढतं आणि पुढे उतरतं. चढताना साठलेली ऊर्जा उतरताना परत मिळते. वेग बेताचा असेल तर या देवाणघेवाणीत 65 टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचते. ताशी साडेचार-पाच किलोमीटरला चालणं सर्वात स्वस्त पडतं, दर किलोमीटरमागे धावण्याच्या साधारण निम्म्या खर्चात. वेग वाढवला की कमानीवरून जाताना शरीर जमिनीवरून उचललं जाऊ पाहतं. पायाची लांबी 90 सेंटिमीटर धरली, तर ताशी साडेदहा-पावणेअकरा किलोमीटरच्या पुढे गुरुत्वाकर्षण आपल्याला त्या कमानीवर धरूनच ठेवू शकत नाही. प्रत्यक्षात पाय त्याच्या बरेच आधी कुरकुरतात आणि ताशी सात-साडेसात किलोमीटरच्या आसपास आपण न ठरवता धावू लागतो. धावताना लंबक संपतो, स्प्रिंग सुरू होते: स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा ताणल्या जातात आणि उसळी देतात. धावण्याची एक गंमत म्हणजे हळू धावा की जोरात, किलोमीटरचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, वजनाच्या दर किलोला सुमारे 1 किलोकॅलरी.

म्हणजे ताशी सात किलोमीटर हा मोठा अडनिडा वेग झाला. चालायला जास्त, धावायला कमी. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या लेरॉय लाँग आणि मनोज श्रीनिवासन यांनी 2013 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अंतर दिलं, पोचायची वेळ दिली, कसं जायचं ते सांगितलं नाही. अडनिड्या वेगाची गरज पडली तिथे लोक आपोआप थोडं चालत, थोडं धावत गेले, आणि ऊर्जेच्या हिशेबानेही तेच परवडणारं होतं. एसटी सुटायला पाच मिनिटं असताना स्टँडकडे जाणारा माणूस बघा. कुणी न शिकवता तो हेच करतो.

आता वेगाचं गणित. समजा धावण्याचा वेग ताशी 9 आहे आणि चालण्याचा 5.5. मिनिट-मिनिटाची पाळी लावली तर सरासरी 7.25 येते, म्हणजे किलोमीटरला 8 मिनिटं 17 सेकंद. गावात मात्र घड्याळ कोण बघतो? विजेच्या एका खांबापर्यंत धावायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. इथे फसगत होते. अंतरं सारखी असली तरी चालायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे सरासरी 6.83 वर येते. किलोमीटरला 8 मिनिटं 47 सेकंद. मेहनत कमी पडली नाही, मोजमाप खांबांचं होतं एवढंच. खांबच मोजायचे असतील तर दोन धावून एक चाला.

हा अर्धा मिनिट भरून काढायला लोक काय करतात? धावण्याचा वेग वाढवतात. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चालणं 5.5 वरून 6 वर नेलंत, तरी मिनिटाच्या पाळीत किलोमीटरमागे 17 सेकंद वाचतात, आणि ताशी 6ने चालणं अजूनही धावण्यापेक्षा स्वस्तच असतं. चालायची पाळी म्हणजे बाजारात भाजी बघत फिरणं नव्हे.

धावणं वाढवलं की काय होतं ते आगरातल्या विहिरीवरून कळेल. पंप सुरू केला तरी पाणी पाटाच्या टोकाला लगेच पोचत नाही, तोवर हंड्यातलं वापरावं लागतं. धावायला लागल्यावर प्राणवायूचा पुरवठा मागणीला गाठायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोवर स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ऊर्जेचा छोटा साठा, आणि तिथेच साठलेला थोडा प्राणवायू कामी येतो. चालताना हा हंडा पुन्हा भरतो. तो रिकामा होण्याआधी थांबलात तर लॅक्टेट, म्हणजे जोराच्या कामात रक्तात साठणारा पदार्थ, फारसं चढत नाही. 1960 साली स्वीडनमध्ये इर्मा ऑस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी हे सायकलवर दाखवून दिलं. तासाभरातलं एकूण काम तेवढंच ठेवलं. अर्धा मिनिट काम, अर्धा मिनिट विश्रांती अशी पाळी ठेवली तेव्हा लॅक्टेट जेमतेम वाढलं. तीन-तीन मिनिटांची पाळी केल्यावर मात्र माणूस पार थकला. म्हणून धाप लागत असेल तर चालणं लांबवू नका, आधी धावायची पाळी छोटी करा.

वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायला घड्याळाची गरज नाही. धावायच्या पाळीच्या शेवटी पाढ्याची एक ओळ, “सतरा चोक अडुसष्ट”, न तुटता म्हणता आली पाहिजे. (पाढाच येत नसेल तर तो दोष फुफ्फुसांचा नाही.) चालायच्या पाळीच्या शेवटी श्वास शांत झाला नसेल, तर चूक आधीच्या धावण्यात झाली होती.

कोकणात आणखी दोन गोष्टी हिशेबात धराव्या लागतात. एक, घाम. लिटरभर घाम वाळला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण हनुवटीवरून टपकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. आपल्याकडे पहाटेची हवा गार वाटली तरी दमट असते, घाम टपकतोच. पुण्यात जमणारा वेग इथे पाढ्याच्या परीक्षेत नापास होतो.

दुसरी गोष्ट, वाळू. कोरड्या भुसभुशीत वाळूत धावायला घट्ट जमिनीच्या 1.6 पट ऊर्जा लागते, आणि चालायला तर 2.1 ते 2.7 पट. पाय रुततो, लंबकाची बचत वाळूत जिरते. म्हणजे विश्रांती म्हणून चालायला लागलात आणि पाय कोरड्या वाळूत असले, तर ती विश्रांती राहतच नाही. एखादी पाळी कोरड्यात घालवायचीच असेल तर ती धावायची असू द्या, चालायला पाण्याकडची ओली, घट्ट पट्टी बरी.

ती पट्टी सकाळी सापडेल की नाही हे पंचांग सांगतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही ठाऊक असतं. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही खूप आत गेलेलं. पौर्णिमेपासून द्वितीयेपर्यंत मी पुळणीवर मिनिट-मिनिटाची पाळी लावतो. अष्टमीला सहा वाजता भरती असते, पाणी बनाकडे सरकलेलं आणि उरलेली वाळू सगळी मऊ. त्या दिवशी मी डांबरी रस्त्यावर खांब मोजत असतो, दोन धावून एक चालत, आणि आबांना हटकायला कुणी दुसरा शोधावा लागतो.