महाग रायफल अडकत नाही म्हणे?

आमच्या बीडकडं भरतीची तयारी करणारी पोरं कायम म्हणतात, महाग रायफल कधी अडकत नाही. असं नसतंय भावांनो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेची एम16 रायफल अडकायची ती किमतीमुळं नाही, काडतुसातली दारू बदलली, चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) आतून क्रोमचा मुलामा नव्हता अन् जवानांकडं साफसफाईचं किटबी पुरेसं नव्हतं, हे सुधारलं तवा तीच रायफल नीट चालली.

आपली इशापूरच्या कारखान्यातली 7.62 एसएलआर रायफल बघा, अस्सल सेमी-ऑटो, म्हणजे घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटती अन् पुढची आपोआप चढती. गोळी सुटताना होणारा गॅसच हे काम करतो, तो कमी पडला की रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही, मग रेग्युलेटर थोडा थोडा फिरवून गॅस वाढवायचा. मॅगझिनचं (गोळ्या भरायच्या पेटीचं) तोंड जरा वाकलं तरी गोळी तिरपी चढती. म्हणून पैसा आधी मॅगझिन अन् काडतुसावर घाला, भारी स्कोप (नेमाची दुर्बीण) नंतर.