नॉर्मल रिपोर्टच्या आड

पोटात अशी कळ की माणूस गडाबडा लोळतोय, आणि डॉक्टरांनी दाबून पाहिलं तर पोट मऊ. ताप नाही, पांढऱ्या पेशी जागच्या जागी, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन स्वच्छ. चार-सहा दिवसांत दुखणं ओसरतं, ॲसिडिटी किंवा टेन्शन असा शिक्का बसतो आणि घरी पाठवणी होते. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मधल्या काळात अपेंडिक्सही काढून झालेलं असतं, आणि ते धडधाकट निघालेलं असतं.

हा ॲक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया असेल, तर वरचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येणारच. दुर्मीळ आजार निसटला की खापर डॉक्टरांच्या अज्ञानावर फुटतं. काही अंशी ते खरंही आहे. पण आजाराचं नाव आठवूनही निदान हुकतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नमुना भलत्या वेळी घेतला, भलत्या ट्यूबमध्ये भरला किंवा मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच तपासणी लिहून दिली, की 'नॉर्मल' असा शेरा येतो आणि मग तो विषय पुढे कोणी काढत नाही.

पॉर्फिरियाचंच घ्या. हिमोग्लोबिनमधला लोह धरून ठेवणारा भाग म्हणजे हीम. शरीर तो आठ पायऱ्यांत बनवतं, प्रत्येक पायरीला एक एन्झाइम. या आजारात तिसऱ्या एन्झाइमची ताकद जन्मतःच साधारण निम्मी असते. एरवी निम्म्यावर भागतं. सदोष जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. पण कडक उपास, संसर्ग, दारू, पाळीच्या आधीचे दिवस किंवा काही ठरावीक औषधं यांमुळे यकृतातली पहिली पायरी एकदम जोरात सुरू झाली, की तिसरीपाशी कोंडी होते. डेल्टा-अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड आणि पॉर्फोबिलिनोजेन, म्हणजे लॅबच्या भाषेत एएलए आणि पीबीजी, ही मधली रसायनं साचतात आणि नसांना इजा होते. कळ येते ती आतड्याला सूज आल्याने नव्हे, तर नसा बिघडल्याने. म्हणून पोट मऊ. त्याच बिघाडामुळे बद्धकोष्ठ, नाडी शंभराच्या वर, रक्तदाब चढलेला. पुढे दंड-मांड्यांतलं बळ जाऊ लागतं, भास होतात, कधी फिट येते. यातला सगळ्यात सहज हाती लागणारा धागा नेहमीच्या रक्ततपासणीत असतो: कमी झालेलं सोडियम. उलट्यांमुळे कमी झालं असेल असं म्हणून त्याकडे काणाडोळा होतो. तरुण स्त्री, कारण न सापडणारी तीव्र पोटदुखी आणि उतरलेलं सोडियम, एवढं एकत्र आलं की लघवीतलं पीबीजी तपासायलाच हवं.

तपासणी तशी साधी. चोवीस तासांची लघवी गोळा करत बसायचं नाही. अटॅक चालू असताना एकदाच दिलेला नमुना पुरतो. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची, कारण प्रकाशात पीबीजी टिकत नाही. लॅब लांब असेल तर नमुना गोठवून पाठवायचा. सोबत लघवीतलं क्रिएटिनिनही मोजायचं, नाहीतर भरपूर सलाइन लावलेल्या रुग्णाच्या पातळ लघवीत आकडा उगाच कमी दिसतो. खऱ्या अटॅकमध्ये पीबीजी किंचित वाढत नाही, सहसा दहापट किंवा त्याहून जास्त वाढतं. त्यामुळे निकाल वाचताना फारशी संदिग्धता उरत नाही.

गोंधळ होतो तो नावात. 'युरिन पॉर्फिरिन' ही वेगळी तपासणी आहे आणि तिच्यात पीबीजी मोजलंच जात नाही. शिवाय यकृताचे आजार, दारू, शिशाची विषबाधा यांतही पॉर्फिरिन थोडं वाढतं, म्हणजे ज्याला आजार नाही त्याच्या माथी तो मारला जातो. दुसरी गफलत वेळेची. पॉर्फिरियाच्या काही भावंड-प्रकारांत अटॅक ओसरला की पीबीजी झपाट्याने खाली येतं, आणि नंतर सवडीने केलेल्या तपासणीत काहीच दिसत नाही. उघड्यावर ठेवलेली लघवी काही वेळाने गडद लालसर होणं ही चांगली खूण, पण ती दिसली नाही म्हणून आजार नाही असं समजू नये.

निदान हुकल्याची किंमत इथे मोठी आहे. फिट आली म्हणून फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा बार्बिट्युरेट दिलं, तर तीच औषधं अटॅक भडकवतात. उपचार अगदी वेगळा: शिरेतून हेमिन, म्हणजे तयार हीमचं औषध, वजनाच्या दर किलोला ३ ते ४ मिलिग्रॅम, रोज एकदा, सहसा चार दिवस. आणि आधी दिलेली भडकवणारी औषधं बंद.

इन्सुलिनोमात तर नॉर्मल आकडाच आजार सांगतो. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी ही छोटी गाठ, बहुधा २ सेंटिमीटरहून लहान. सकाळी न्याहारीच्या आधी माणूस विचित्र बोलतो, घामाघूम होतो, एकाचे दोन दिसतात, कधी आकडी येते. काही खाल्लं की ताळ्यावर. असे रुग्ण अपस्माराची किंवा मानसोपचाराची औषधं घेत राहतात, कारण रुग्णालयात पोहोचेपर्यंत कुणीतरी साखर चारलेली असते आणि तिथे मोजलेली साखर व्यवस्थित भरते.

म्हणून आजार मुद्दाम उघड्यावर आणावा लागतो. रुग्णालयात दाखल करून जास्तीत जास्त ७२ तास उपास, फक्त पाणी आणि उष्मांक नसलेली पेयं. दर सहा तासांनी रक्त. साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली गेली की दर एक-दोन तासांनी. लक्षणं दिसू लागली आणि साखर ५५ च्या खाली असली, की त्याच क्षणी घेतलेल्या रक्तात इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा), बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट (उपासात चरबीपासून बनणारं इंधन) आणि मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळ्यांचा अंश तपासायचा. साखर एवढी उतरल्यावर निरोगी शरीर इन्सुलिन जवळपास बंद करतं. त्या घडीला इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा जास्त आणि सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर ते चुकीचं आहे, मग छापील रिपोर्टवर दोन्ही आकडे 'नॉर्मल रेंज'मध्ये का असेनात. इन्सुलिन भरपूर पण सी-पेप्टाइड नगण्य असेल, तर इन्सुलिन बाहेरून टोचलं गेलंय. दोन्ही वाढलेली आणि सल्फोनिलयुरियाही सापडलं, तर मधुमेहाच्या गोळ्या पोटात गेल्या आहेत, कदाचित अदलाबदलीने. ही शक्यता ऑपरेशनच्या आधी तपासलेली बरी!

ट्यूबही महत्त्वाची. साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. तीन-चार तास पडून राहिलेला नमुना धडधाकट माणसालाही 'साखर कमी' ठरवतो. साखरेसाठी फ्लोराइडची करड्या झाकणाची ट्यूब वापरतात आणि नमुना लगेच लॅबकडे धाडतात.

फिओक्रोमोसायटोमा ही मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीची, ॲड्रिनलिन सोडणारी गाठ पॅनिक अटॅकचं सोंग घेते: डोकं ठणकतं, दरदरून घाम, छातीत धडधड. चेहरा मात्र लाल होण्याऐवजी बहुधा पांढराफटक पडतो. ॲड्रिनलिनचा लोंढा काही मिनिटांचा, त्यामुळे अटॅक नसताना ते मोजून उपयोग नाही. पण गाठीच्या आतच ॲड्रिनलिनपासून मेटानेफ्रिन सतत बनत असतं आणि रक्तात झिरपत राहतं, म्हणून आता तेच मोजतात. रुग्णाला २० ते ३० मिनिटं उताणं झोपवून मग रक्त घ्यायचं. बसवून घेतलं तर आकडा फुगतो. ट्रायसायक्लिक गटातली नैराश्याची औषधंही तो फुगवतात. धडधडीवर आधीच बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती उतरवणारं औषध दिलं तर रक्तदाब बेफाम वाढू शकतो, कारण रक्तवाहिन्या सैलावणारा मार्ग बंद होतो आणि आवळणारा मोकळा राहतो.

मग सरसकट सगळ्यांचीच तपासणी का करू नये? समजा आजार दहा हजारांत एकाला आहे आणि तपासणी ९९ टक्के अचूक आहे. दहा हजार जणांची केली तर खरा रुग्ण एक, आणि चुकून 'पॉझिटिव्ह' ठरलेले निरोगी सुमारे शंभर. त्यांतल्या काहींच्या स्कॅनमध्ये निरुपद्रवी गाठ दिसणार आणि एखाद्याच्या पोटावर सुरीही चालणार. म्हणून आधी लक्षणांचा मेळ, मग तपासणी, आणि स्कॅन सगळ्यात शेवटी.

ॲडिसनच्या आजारात लक्षणं इतकी मोघम असतात की सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही. थकवा, वजन उतरणं, मळमळ, उभं राहिल्यावर अंधारी. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणारं ॲड्रिनलचं कवच नष्ट होत जातं, आणि ते बहुतांश जाईपर्यंत शरीर कसंबसं निभावतं. दोन गोष्टी मात्र नैराश्यात किंवा साध्या अशक्तपणात बसत नाहीत: मीठ खाण्याची तीव्र ओढ, आणि उन्हाशी संबंध नसलेला काळेपणा. तो तळहाताच्या रेषांत, हिरड्यांवर, नव्या व्रणांवर पाहायचा. सावळ्या त्वचेत चेहऱ्यावरून काही कळत नाही, हिरड्या नव्याने काळवंडल्या का हे विचारावं लागतं. रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त.

इथली फसवणूक थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये दडलेली असते. कॉर्टिसॉलच्या अभावी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, थोडं वाढतं, थकवा तर आहेच, म्हणून थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी सुरू होते. त्याने उरलंसुरलं कॉर्टिसॉल आणखी वेगाने खर्ची पडतं आणि रुग्ण कोसळू शकतो. शंका असेल तर कॉर्टिसॉल आधी, थायरॉक्सिन नंतर.

कॉर्टिसॉल सकाळी ८ ते ९ दरम्यान मोजायचं. दुपारी ते निरोगी माणसातही उतरलेलं असतं. ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर आजाराची दाट शक्यता. मधल्या आकड्यांसाठी सिनॅक्थेन चाचणी: ॲड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या औषधाचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, मग ३० आणि ६० मिनिटांनी रक्त. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर कॉर्टिसॉल खोटंच भरपूर दिसतं, म्हणून गोळ्यांची यादी लॅबच्या फॉर्मवर हवी.

रक्तदाब कोसळलेला असेल तर मात्र हे घड्याळ गुंडाळून ठेवायचं. एक ट्यूब रक्त काढून ठेवायचं आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, सोबत सलाइन. शीर सापडत नसेल तर इंजेक्शन स्नायूत द्यायचं आणि त्या ट्यूबचा नाद सोडायचा. निदान पुढे रुग्ण सावरल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधाचा एखादा डोस थांबवून करता येतं.